कचकच

कचकच हा शब्द नुसत्या आवाजावरून आला, असं शहाणी माणसं सांगतात. सांगोत बापडी. मी तो आसेगावच्या आमच्या घरात दातांखाली चावला आहे.

जात्याला टाकी लावणारी बाई गावात आली, की घासून गुळगुळीत झालेले दगड छिन्नीनं पुन्हा खरखरीत करून द्यायची. त्यानंतरच्या पहिल्या दळणात दगडाची बारीक कच उतरते. म्हणून ते पीठ माणसांनी खायचं नाही, बैलांना घालायचं, अशी रीत.

"एवढी जवारी बैलायले कायले?" एका वर्षी वडील आईवर डाफरले.

"पयल्या पिठात कच असते," आई म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली.

"तुही कचकच बंद कर अन् भाकर थाप."

आईनं थापली. वडिलांनी पहिला घास घेतला. जबडा एकदा हलला आणि तिथंच थांबला. चुलीपाशी बसलेल्या मला तो आवाज ऐकू आला. थुंकावं तर आईचं खरं ठरणार, गिळावं तर गिळवेना. शेवटी ते ताट सरकवून उठले. "कचकच लागून राह्यली," म्हणाले, जणू चूक भाकरीची होती.

भाजलेली भाकर माणसांनीच संपवायची, अशी दुसरी रीत होती. त्या भाकरी आई, काकू आणि मी खाल्ल्या. अगदी हळू चावून खाल्ल्या. वडील ओसरीवर आडवे झाले होते, आणि त्यांना बायांची कचकच खपत नसे.