कौसल्यामावशींची मतं

रहस्यकथेचं पुस्तक हातात आलं की कौसल्यामावशी काउंटरपाशी उभ्या राहूनच शेवटचं पान वाचायच्या. खुनी कोण ते पाहून घ्यायच्या आणि मग पहिल्या पानापासून निवांत सुरुवात. पंचवटीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात मी नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागले होते. न राहवून विचारलं, "मावशी, मग मजा काय राहिली?"

"अगं, खुनी कोन ते कळलं म्हंजे जीव टांगणीला राहत नाय. मग तो चहा कसा पितो, लोकांशी कसा गोड बोलतो, ते नीट बघता येतं. खरी मजा तिथं हाय."

निफाडच्या द्राक्षबागेत चाळीस वर्षं राबून त्या मुलाकडे नाशिकला राहायला आल्या होत्या. शाळा सातवीपर्यंत. चष्म्याच्या दांडीला दोरा गुंडाळलेला. दर आठवड्याला एक खुनाचं आणि एक विज्ञानाचं पुस्तक न्यायच्या, आणि परत करताना मत दिल्याशिवाय हलायच्या नाहीत. एक रहस्यकथा त्यांनी टेबलावर जवळजवळ आपटलीच. "तीन मुडदे पडले, पन रडलं कोनी नाय. मला नको असलं." ताऱ्यांवरच्या एका पुस्तकाबद्दल म्हणाल्या, "ह्यो मानूस पानोपानी सांगतो, केवढं हे आश्चर्य! तू नीट सांग की बाबा, आश्चर्य माझं मी करीन."

एकदा वनस्पतींवर सोपी पुस्तकं लिहिणाऱ्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान वाचनालयात ठेवलं होतं. मावशींनी त्यांचं पुस्तक दोनदा वाचलेलं. शेवटी "काही शंका?" असं विचारल्यावर त्या उठल्या. पदर सावरला.

"सर, तुम्ही लिहिलंय, द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आमच्या निफाडला तवा वेलीवर घड असतात. ती झोपली तर आमी काय खावं?"

हशा पिकला. कार्यवाहांनी मला खूण केली, त्यांना बसवा. मावशींचा चेहरा पडला. खरं सांगायचं तर मी उठून त्यांच्याकडे निघालेही होते. तेवढ्यात प्राध्यापक म्हणाले, "थांबा, बसू नका. मी हे थंड देशांतल्या पुस्तकांवरून लिहिलं. द्राक्षबाग मी फक्त रस्त्यावरून पाहिलीय. मला दाखवाल?"

पुढच्या रविवारी आम्ही तिघं निफाडला गेलो. मावशींनी काडी हातात धरून छाटणी कुठे करायची, नवा कोंब फुटायला कुठला डोळा राखायचा, ते दाखवलं. प्राध्यापक वहीत टिपून घेत होते. मध्येच मावशींनी विचारलं, "पन सर, तिकडची वेल झोपते आन आपली नाय, असं का?" प्राध्यापकांनी थंडीचं आणि छाटणीचं गणित समजावून सांगितलं: तिकडच्या कडाक्याच्या थंडीत वेलीची वाढच थांबते, आपल्याकडे थंडी बेताची आणि छाटणी ऑक्टोबरात, म्हणून वेल हिवाळाभर जागी. मावशी लक्ष देऊन ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे घाला की पुस्तकात! मला हेच वाचायचं व्हतं."

काही महिन्यांनी प्राध्यापकांच्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित वाचनालयात आलं, मावशींच्या नावाने. सोबत चिठ्ठी होती, छापायच्या आधी तुम्ही वाचा. मावशी आठ दिवस खिडकीजवळच्या टेबलावर ठाण मांडून होत्या. एका पानाच्या कडेला त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, "इथं मला कळलं नाही. चूक कोणाची ते बघा." प्राध्यापकांनी ते सबंध प्रकरण पुन्हा लिहून काढलं.

मावशी गेल्या वर्षी वारल्या, अगदी शांतपणे. त्या भेटण्याआधी मला स्वतःला एखादं अवघड पुस्तक कळलं नाही, की आपलंच डोकं कमी म्हणून मी ते गुपचूप कपाटात ठेवून देत असे. आता कोणी तसं पुस्तक अर्धवट वाचून, ओशाळून परत करायला आलं, की मी विचारते, "कुठल्या पानावर अडलात?" आणि खुर्ची पुढे ओढते.