चेचीच्या अंगणातलं अळू

दुबईत थंडी पडते यावर आईचा विश्वासच नव्हता. गुहागरजवळच्या आमच्या गावातून ती फोनवर म्हणायची, "वाळवंटात कसली गो थंडी? एसी लावून बसता, म्हणून वाटते."

आम्ही सिलिकॉन ओएसिसला तळमजल्यावर राहतो. मागे पंधरा पावलांचं अंगण, त्याला कमरेएवढी भिंत, आणि थोडं पुढे गेलं की इमारती संपून वाळू सुरू होते. जानेवारीत तिकडून वारा सुटला की शाळेच्या बसला निघालेली माझी मुलगी कानटोपी शोधायला लागते. जुन्या शहरात, बर दुबईत, खाडीकाठी त्याच वेळी लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असतात.

तीन वर्षांपूर्वी मी आईच्या परसातल्या सहा अळकुड्या इथे आणल्या. काळ्या देठाचं, वडीचं, अजिबात न खाजणारं अळू. चार मी लावल्या आणि दोन भिंतीपलीकडच्या शेजारणीला दिल्या. ती केरळची, पंचावन्नच्या आसपासची, एका क्लिनिकमध्ये नर्स. सगळी बिल्डिंग तिला चेची, म्हणजे ताई, म्हणते. अळकुडी हातात घेऊन ती हसली होती. "चेंबू! हमारे घर में भी है."

दिवाळीपर्यंत दोघींचं अळू सारखंच वाढलं. मग थंडी आली. माझी पानं मलूल पडली. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. महिन्याभरात मातीत हात घातला तर अळकुड्यांचा लगदा झालेला. चेचीच्या मात्र टिकल्या. उन्हाळा सरल्यावर तिच्याकडे दोनाच्या दहा झाल्या.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या हातालाच गुण नाही."

त्या एका वाक्यानंतर मी भिंतीपलीकडे बघायचं टाळायला लागले. चेची वाटीभर भाजी पाठवायची. ती मी डब्यात नवऱ्याला द्यायची, स्वतः खायची नाही.

गेल्या डिसेंबरात आई पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. दोन महिन्यांसाठी. मी तिच्यासाठी सगळं मनात ठरवून ठेवलं होतं. मीना बाजारातून साडी, अब्र्यातून, त्या लाकडी होडीतून, खाडीपार जायचं, देवळात जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती अंगणात गेली आणि तिथूनच ओरडली, "अगो, हे तर माझ्या परसातलं अळू!"

त्या दिवसापासून आई चेचीची झाली.

चेचीची ड्युटी दुपारी दोनला संपायची. अडीचला आई मागच्या दाराने तिच्याकडे. मी सहाला ऑफिसातून यायची तेव्हा दोघी पाटावर बसलेल्या असायच्या, हात मातीचे. आईला हिंदी येत नाही, तरी तिचं चालायचं. "मैं कल पान काटेगी," असं काहीतरी ती म्हणायची आणि चेचीला ते बरोबर समजायचं. चेची तिला 'अम्मा' म्हणायची. ते ऐकलं की मी हाक न मारताच आत वळायची.

सगळ्यात जास्त लागलं ते हे, की आई तिचं ऐकायची. माझं तिने कधी ऐकलं नाही. थंडीने अळू मरतं हे मी सांगितलं तेव्हा माझा हात वाईट होता. चेचीने सांगितल्यावर तेच ज्ञान झालं. चेची पूर्वी बरीच वर्षं वाळवंटात आत, अल ऐनला होती, तिथली थंडी आमच्याहून कडक. तिने आईला दाखवलं की अळू दक्षिणेला तोंड असलेल्या भिंतीशी लावायचं, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब देते. बुंध्याशी नारळाच्या काथ्याचा जाड थर. पाणी अगदी कमी, कारण थंड ओल्या मातीत अळकुडीचा कांदा कुजतो. आणि संध्याकाळी काठ्या रोवून वर जुनी चादर टाकायची, सकाळी ऊन आलं की काढायची. माझ्या आईने आयुष्यभर कोकणच्या दमट हवेत अळू वाढवलं होतं, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. शाळकरी मुलीसारखी ती मान डोलवत शिकायची. रात्री जेवताना मलाच सांगायची, "पाणी जास्त घालायचं नसतं हो थंडीत."

"हो का," मी म्हणायची.

एका शुक्रवारी मी सुट्टी काढून तिला अब्र्यात बसवायला नेलं. परतताना ती म्हणाली, "लवकर चल, चादरी टाकायच्या आहेत." त्याच संध्याकाळी चेचीने मला भिंतीपाशी हळू आवाजात विचारलं, "अम्मा को रात में नींद नहीं आता. पैर में दर्द. तुमको पता है न?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हाँ, पता है."

जानेवारीच्या मध्यावर चेची भाचीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेली. जाताना तिने अळू आईच्या स्वाधीन केलं. चौथ्या दिवशी आईला खोकला धरला, अंगात कणकण होती. त्या दिवशी फोनवर थंड वाऱ्याची सूचना आली होती. आई पांघरुणातून म्हणाली, "आजच्या दिवस तू टाक चादरी. काठ्यांना गाठी मार, वारा आहे."

मी चेचीच्या अंगणात गेले. खुर्चीवर चार चादरी घडी करून ठेवल्या होत्या. सूर्य नुकताच मावळला होता आणि वाळूकडून वारा यायला लागला होता. हातभर रुंद पानं हलत होती. मी एक चादर उचलली. तिच्या घडीत आईची शाल होती, ती येताच मी तिला घेऊन दिलेली, लोकरीची. तिने ती अळूवर टाकायला दिली होती.

मी चादर परत खुर्चीवर ठेवली आणि घरी आले.

"टाकल्यास?" आईने विचारलं.

"टाकल्या."

सकाळी मी उठायच्या आत आई तिकडे जाऊन पोचली होती. मी गेले तेव्हा ती नुसती उभी होती. सगळी पानं देठातून मोडून खाली लोंबत होती, उकळत्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी, कडा काळपट. चादरी खुर्चीवर होत्या तशाच, घडी न मोडलेल्या.

"वाऱ्याने..." मी सुरुवात केली.

"वारा घड्या घालतो काय?" आई म्हणाली.

मला रडू आलं. चाळिशीत आईसमोर असं रडताना लाज वाटते, पण थांबेना. "तू माझ्याकडे आलीस का तिच्याकडे? पाय दुखतो ते तिला सांगतेस. मी दिलेली शाल तिच्या झाडाला घालतेस. मी काय वाईट केलंय?"

आई खुर्चीवर टेकली. खोकल्याची उबळ गेल्यावर म्हणाली, "तुझ्याकडे मी पाहुणी आहे गो. आई बस, आई आराम कर, आई टीव्ही बघ. चहाचा कप विसळायला गेले तर हातातून घेतेस. दिवसभर मी बसून असते, आणि बसलं की पाय जास्त दुखतो. ती मला काम देते. खुरपं हातात देते आणि म्हणते, अम्मा, खोदो."

"मग मला सांगायचं."

"तू आलीस की थकलेली असतेस. तुला काय सांगू?"

मी डोळे पुसले. आई म्हणाली, "खुरपं आण. वरचं गेलंय, कांदा बघूया."

मी एका झाडाच्या बुडाशी उकरलं. आईने अळकुडी अंगठ्याने दाबली. घट्ट होती. सगळी मेलेली पानं आम्ही कापली, माती कोरडी राहू दिली, काथ्याचा थर दुप्पट केला, वर पोती अंथरली. त्या दिवशी मी ऑफिसला फोन करून सुट्टी घेतली. आईने शाल झटकून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

चेची परत आली त्या दुपारी मी तिच्या दारात गेले. आईने सांगितलं होतं, मी काही बोलणार नाही, तूच सांग. सगळं ऐकून चेची आधी मागे गेली, पोतं उचलून माती चाचपली आणि मग माझ्याकडे वळली.

"क्यों नहीं ढका?"

"गुस्सा था."

"मेरे ऊपर?"

"हाँ. अम्मा तुम्हारे पास ज़्यादा रहती है."

तिने बराच वेळ मातीचे हात चोळले. "इतना बड़ा होके," ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर दोन आठवडे तिच्याकडून भाजीची वाटी आली नाही. आईशी ती पूर्वीसारखी बोलायची, मला फक्त मान हलवायची. मी ते सोसलं. रोज संध्याकाळी जाऊन मीच पोती नीट करायची. तिने अडवलं नाही.

घरात मी आईला कामं द्यायला लागले. कोथिंबीर निवडून दे, पोळ्या कर, मुलीची वेणी घाल. मुलगी म्हणायची, "आजी, टू टाइट!" आणि आई म्हणायची, "टाइटच पाहिजे." एकदा भांडी घासता घासता तिने मला पायाचं सगळं सांगितलं, पायरीवरून पडल्याचंसुद्धा. चेचीला ते आधीच ठाऊक होतं, हे मी विचारून घेतलं. नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

फेब्रुवारीत आई गेली. विमानतळावर चेचीही आली होती. आईने आधी मला जवळ घेतलं, मग तिला. तिला किती वेळ धरलं ते मी मोजत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऊन चढलं आणि चेचीने मला भिंतीपलीकडून हाक मारली. काथ्यातून गुंडाळीसारखे सात जांभळट कोंब वर आले होते. तीन आले नाहीत. त्या तीन जागा तिने मला बोटाने दाखवल्या. मी फोन काढून फोटो घेतला, आईला पाठवला आणि लगेच कॉल केला.

"बघितलास फोटो?"

"बघितला. तिने मघाशीच पाठवला," आई म्हणाली. "तुझा जरा हललाय."

चेची खाली वाकून काथ्या बाजूला करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"परत काढ," आई फोनवर म्हणाली, "जवळून काढ. मला देठाचा रंग दिसत नाही."

मी चप्पल काढली, मातीत गुडघे टेकले आणि परत काढला.