किल्लेदाराची लेक मोठी होते

शूटिंगला लहान मुलांबरोबर त्यांच्या आया येतात. आमच्या सेटवर मी एकटाच बाप होतो. बायको कर्जतच्या शाळेत शिक्षिका, तिला रोज रजा कोण देणार? आणि माझा फोटो स्टुडिओ मोबाइलने पार बसवलेला. पासपोर्ट फोटोला कुणी आलं तर आलं. त्यामुळे डबा, पाण्याची बाटली, शाळेची पुस्तकं आणि उवा होऊ नयेत म्हणून वेगळा कंगवा, असा सगळा संसार खांद्याला लावून मी लेकीच्या मागे हिंडायचो. बाकीच्या आयांनी मला पहिल्याच आठवड्यात आपल्यात ओढलं. वेणी घालायला शिकवलं, आणि मी घातलेली वेणी बघून पोटभर हसल्याही.

सुरुवात माझ्याच दुकानापासून झाली. काचेत तिचा एक फोटो लावला होता. कळंबच्या रिसॉर्टकडे निघालेला एक मालिकावाला गाडी थांबवून त्या फोटोपुढे उभा राहिला आणि ही मुलगी कुणाची म्हणून विचारू लागला. त्याला एका किल्लेदाराची छोटी लेक हवी होती. किल्ला तर आमच्याच तालुक्यात उभा होता, प्लायवूड आणि प्लास्टरचा. मागचे डोंगर तेवढे खरे.

मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. घरी मेथी निवडायला बसवली तर चार काड्या निवडून पळणारी कार्टी ती. पण कॅमेरा सुरू झाला की ती वेगळीच व्हायची. मी जन्मभर लोकांना ‘हसा, जरा हसा’ म्हणत आलोय, त्यातून किती जण मनापासून हसले असतील देव जाणे. हिला फार सांगावंच लागत नसे. दिग्दर्शक एवढंच म्हणायचा, “वडील लढाईवर निघालेत.” ती दाराची कडी धरून उभी राहायची. बस्स, तेवढंच. गर्दीच्या दृश्यासाठी आसपासच्या गावांतून आणलेल्या बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या थक्क व्हायचो. हे आपल्या घरात आलं कुठून? आमच्या घराण्यात गणपतीतल्या नाटकात पडदा ओढायलासुद्धा कुणी गेलेलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दिवशी प्रॉडक्शनच्या माणसाने मला चहाला बाजूला नेलं. “काका, लीप घेतोय,” तो म्हणाला. गोष्ट पंधरा वर्षं पुढे जाणार होती. किल्लेदाराची लेक मोठी होणार होती, म्हणजे आमची लेक घरी येणार होती. मालिकांच्या जगात यात नवल काही नाही, सगळ्यांचंच असं होतं. पण हे नऊ वर्षांच्या पोरीला सांगायचं कोणी? तो म्हणाला, “तुम्हीच सांगा, तुमचं ऐकेल ती.”

मी सांगू शकलो नाही. सकाळी रिक्षात बसलं की म्हणायचो, आता सांगू, आणि सेट आला की उतरायचो. घरी बायको डोळ्यांनीच विचारायची, सांगितलंस का? ती पोर त्या किल्ल्यावर जीव टाकायची हो! तिच्या हातातून ते काढून कसं घ्यायचं, हेच मला कळत नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी वेणी घालताना हिय्या करून तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, “बाबा, मला माहितीय.”

“कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. ड्रेसच्या खोलीत माझ्या परकराच्या कापडाचाच मोठा परकर टांगलाय. खूप मोठा.” मग म्हणाली, “वेणी घट्ट घाल, आज पळायचंय.”

त्या दिवशीचं दृश्य असं होतं. छोटी लेक पळत पळत किल्ल्याच्या दरवाजात शिरते, आतल्या अंधारात दिसेनाशी होते, आणि त्याच अंधारातून मोठी झालेली लेक बाहेर येते. समोर शत्रूचे घोडेस्वार उभे. मधल्या वेळात कॅमेरा केसभरही हलवायचा नाही, दोन्ही तुकडे नंतर जोडायचे. आमच्या पोरीने आपलं पळणं एका फटक्यात दिलं आणि घाम पुसत माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

मग ती मोठी आली. मुंबईची मुलगी, देखणी, पहिलंच मोठं काम. दरवाजातून बाहेर येऊन घाबरली, छानच घाबरली. दिग्दर्शक मान डोलवेना. पुन्हा केलं, पुन्हा केलं. शेवटी तो वैतागून ओरडला, “चांगलं करतेयस गं, पण ही आपली पोर वाटतच नाही! कुणी तरी पाहुणी आल्यासारखी वाटते!” त्या मुलीचे डोळे भरले. गर्दीतली पळसदरीची एक म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, आमाला तर हीच बरी हाय. कशापायी काढत्यात हिला?” खोटं कशाला सांगू, मला तेव्हा गोड वाटलं. मनात म्हटलं, नाहीच जमायचं कुणाला.

आणि माझी लेक माझा हात सोडून सरळ दरवाजाकडे चालू लागली. ती मोठी मुलगी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

“ताई, ती घाबरली ना, की आधी हसते,” आमची म्हणाली. “थोडंच. मग घाबरते.”

“असं कुठं लिहिलंय?”

“लिहिलं नाहीय. मी ठरवलंय. पहिल्यापासून करते.”

मी दोन वर्षं त्या चेहऱ्यासमोर बसलो होतो. मी, फोटोग्राफर! मला ते कधी दिसलं नव्हतं. दिग्दर्शकालाही नसावं, कारण तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

पुन्हा सगळे आपापल्या जागी गेले. अंधारातून ती मुलगी बाहेर आली, घोडेस्वार पाहिले, आणि ओठांच्या कडेला अगदी जरासं हसू आलं. मग भीती. मला मॉनिटरवर कुणी नटी दिसलीच नाही. माझी पोर पंधरा वर्षांनी कशी दिसेल, ते दिसलं. गर्दीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“जमलं ना रे तिला?” लेकीने विचारलं.

“जमलं,” मी म्हणालो.

“मग आता किल्लेदाराची लेक तिची,” ती म्हणाली, आणि मग मात्र तिचा चेहरा वेडावाकडा झाला. मी तिला उचलून घेतलं. बऱ्याच दिवसांनी उचलत होतो, चांगलीच जड झाली होती.