कमरेएवढ्या पाण्यात

दाएंग तोम्पो समुद्राशी बोलतो, असं तानाबेरूच्या किनाऱ्यावर सगळे मानत. पुरावा डोळ्यांसमोरच होता. फळी तासता तासता म्हातारा मध्येच वाकस खाली ठेवायचा, लुंगीसकट कमरेएवढ्या पाण्यात जायचा आणि क्षितिजाकडे तोंड करून उभा राहायचा. चांगला वेळ उभा राहायचा. मग भिजल्या लुंगीनेच परत येऊन काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागायचा. नवा गडी काही बोलायला गेला की जुने त्याला कोपराने ढोसत. "गप बस. पुंगावा समुद्राला विचारतोय." पुंगावा म्हणजे नावबांधणीचा मुख्य कारागीर, दाएंग ही मानाची हाक, आणि तोम्पोच्या तोडीचा पुंगावा पंचक्रोशीत नव्हता.

खरी गोष्ट एवढीच होती, की म्हातारा लघवी करत होता.

साठी उलटली तसं हे लचांड मागे लागलं. आधी तोही चारचौघांसारखा अर्धवट बांधलेल्या नावांच्या आडोशाला जायचा. पण शेजारचे मोकळे होऊन सिगारेटी पेटवायचे तरी हा आपला उभाच. थेंब यायचा, थांबायचा, पुन्हा थेंब. वळून दोन पावलं टाकावीत तर लुंगीवर ओला डाग. एकदा त्याच्या बहिणीचा मुलगा राउफ मागून ओरडला, "काय मामा, नवी नाव बांधताय का तिथे?" सगळे खो खो हसले, तोम्पोही हसला. पण हसता हसता कुणीतरी किनाऱ्यावरची जुनी म्हण बोलून गेलं, "ज्याचं स्वतःचं पाणी गळतं, त्याची नाव कसली कोरडी राहणार!" या म्हणीने एका पुंगाव्याला देशोधडीला लावलेलं तोम्पोने लहानपणी पाहिलं होतं. त्याच्याकडे पुन्हा कुणी नाव बांधायला दिली नाही. तो शेवटी कोंबड्या विकत फिरायचा.

त्या दिवसापासून तोम्पो समुद्रात जाऊ लागला. पाण्यात गेलेलं पाणी कुणाला दिसतंय? आणि गंमत बघा, लाज लपवायला गेला नि मान पदरात पडला. असला मान फार वाईट. तो मिळाला की माणूस दुखणं सांभाळतो, स्वतःला नाही.

बायको कनांग मांजरमिशीच्या पाल्याचा काढा करून द्यायची. तो नाक दाबून प्यायचा आणि रात्रभर उठबस करायचा. ती म्हणायची, "दाएंग, एकदा आरोग्य केंद्रात दाखवा ना." तो म्हणायचा, "म्हातारपण दाखवायला कशाला जायचं? ते लांबूनही दिसतं."

केंद्रातली नर्स तर एकदा स्वतःच किनाऱ्यावर आली होती. पन्नाशी उलटलेल्या पुरुषांनी प्रोस्टेटची ग्रंथी तपासून घ्या, म्हणाली. बहुतेकांची नुसती वाढलेली असते, गोळ्यांनी भागतं. एखाद्याची वाईट निघते, पण वेळेवर कळली तर तीही काढता येते. कशी तपासतात, असं कुणीतरी विचारलं. तिने न लाजता सांगितलं, तेव्हा पुरुषांमध्ये जो दंगा उसळला तो विचारू नका. सगळ्यांत मोठा आवाज तोम्पोचा. "बाई, माझ्या मागच्या दाराला कडी आहे!"

"असू दे, दाएंग," नर्स म्हणाली. "पण कधी पुढच्या दाराला लागली तर मला हाका मारू नका."

तेव्हाही सगळे हसले.

त्याच वर्षी हाजी बाद्दु आला. बेटाबेटांवर माल नेणारा व्यापारी, त्याला मोठी नाव हवी होती. त्याची अट एकच. "कणा तूच कापायचा, तोम्पो. तू कापलेली नाव आजवर बुडाली नाही. दुसऱ्या कुणाचा हात मला नको."

कणा कापणं म्हणजे नुसतं लाकूड कापणं नव्हे. नावेच्या तळाचा तो लांबलचक वासा वाळूवर ठेवायचा, कोंबडा नि चिकट भात मांडायचा, मग पुंगाव्याने त्याची दोन्ही टोकं करवतीने उडवायची. पुढचं टोक समुद्रात फेकतात. तो दर्यावर गेलेला नवरा. मागचं घरात ठेवतात. ती वाट बघणारी बायको. आणि करवत एकदा लाकडाला लागली की आरपार होईपर्यंत थांबवायची नाही. थांबली तर नाव भर समुद्रात थांबते. शिवाय ज्याने कणा कापला त्यानेच, नाव पाण्यात लोटायच्या दिवशी, तिच्या तळाला सामत्याने भोक पाडून तिची बेंबी उघडायची. मध्ये दुसऱ्याचा हात लागला तर नाव त्या दुसऱ्याची.

लाकूड होतं लोखंडी, नावाप्रमाणेच. करवत तसूतसूने पुढे सरकणार. आणि तोम्पोला तर एक फळी तासून होईपर्यंत दम धरवत नव्हता. ऐन कापणीत, साऱ्या गावासमोर, हाजीसमोर लुंगी भिजली तर? या विचाराने त्याची अन्नावरची वासना उडाली. राउफच्या ते ध्यानात आलं. तोही आता पन्नाशीला आलेला, सगळ्या बांधणीत मामाचा उजवा हात.

"मामा, तुम्ही नुसता हात लावा, करवत मी ओढतो. कोण बघतंय?"

"समुद्र बघतो," तोम्पो फटकन म्हणाला. मनात म्हणाला, आज करवत मागतोस, उद्या जागा मागशील. पोरगं मायेनं बोलत होतं. पण दुखणं लपवणाऱ्याला सगळं जग चोर दिसतं.

त्यातच त्याला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, अंग मोडून आलेलं. टपरीवर सर्दीच्या गोळ्या मिळतात, त्याने कापणीच्या आदल्या संध्याकाळी घेतल्या, पहाटे पुन्हा घेतल्या. पाण्याला तर आदल्या दुपारपासून शिवला नव्हता. आणि सकाळी नवल झालं. लागेच ना! वाळूवर येईपर्यंत नाही, कोंबडा कापेपर्यंत नाही, करवत हातात घेतली तरी नाही. समुद्र पावला, असं त्याला वाटलं. त्याने करवत चालवली ती वीस वर्षांनी लहान झाल्यासारखी. लाकडाचा तांबूस भुसा पायांवर पडत राहिला, पुढचं टोक सुटलं, मागचं सुटलं, लोकांनी आरोळी ठोकली. हाजीचे डोळे भरून आले. कनांगने मागचा तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून घरी आढ्याला ठेवला.

जेवणावळीत तोम्पोने मनसोक्त नारळपाणी ढोसलं. मग सवयीने पाण्यात गेला. उभा राहिला. काही नाही. पुन्हा जोर केला. काही नाही. ओटीपोट दगडासारखं तट्ट, कळ अशी की डोळ्यांपुढे अंधार. कमरेएवढ्या पाण्यातून तो छातीएवढ्यात गेला, जणू तिथला समुद्र जास्त दयाळू असेल. किनाऱ्यावरून लोक कौतुकाने बघत होते. "बघा, पुंगावा आभार मानतोय." शेवटी राउफला शंका आली. तो पोहत जवळ गेला तेव्हा मामा लहान पोरासारखा रडत होता.

जिल्ह्याच्या इस्पितळात नळी घातली तेव्हा पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरली. जीव परत आल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषध घेतलंत?" सर्दीच्या गोळ्या ऐकून त्यांनी मान हलवली. "दार आधीच चिंचोळं झालेलं, आजोबा. या गोळ्यांनी त्याला कडीच घातली." तोम्पोला नर्स आठवली. मग मागची ती तपासणी झालीच, रक्त गेलं, फोटो निघाले. पुढे बोलताना बाईंनी राउफला बाहेर थांबायला सांगितलं, तिथेच तोम्पो समजला.

"पाठ कधीपासून दुखते?"

"नाव बांधणाऱ्याची पाठ दुखायचीच."

"ही त्यातली नाही. कर्करोग आहे, ग्रंथीतून पाठीच्या हाडात गेलाय. आधी आला असतात तर ग्रंथी काढून मोकळं करता आलं असतं. आता बरा होणार नाही, पण बरीच वर्षं रोखता येईल. पुरुषी रस बंद करणारी इंजेक्शनं आजपासून सुरू करू. नाही केलीत तर एक दिवस पाय जातील."

तोम्पोने एकच प्रश्न विचारला. "पुरुषी रस बंद म्हणजे मी पुरुष राहणार नाही?"

"दाढी कमी होईल, ती इच्छा जाईल, घाम फुटेल. माणूस तुम्हीच राहाल."

पण त्याच्या डोक्यात वेगळंच चक्र फिरत होतं. नावेची बेंबी उघडायची ती पुऱ्या पुरुषाने. ती नाव त्याचं लेकरू. अर्धा माणूस बाप कसा व्हायचा? हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं, कुठे ठरलेलंही नव्हतं. पण त्याने स्वतःशी ठरवून टाकलं. नाव पाण्यात लोटली की इंजेक्शन, तोवर नाही. बाहेर येऊन राउफला म्हणाला, "मूतखडा आहे. पडेल." घरीही तेच सांगितलं.

नाव वाढत गेली आणि म्हातारा झिजत गेला. लुंगीखाली मांडीला पिशवी बांधलेली, वर सैल सदरा. नळी असल्यावर पाण्यात जायची गरज नव्हती, तरी तो जायचा. न गेला असता तर लोकांनी विचारलं असतं. फळ्या जशा वर चढत, तशी पाठीतली कळ वर चढे. त्याची वाकस वाकडी पडू लागली. राउफ मागाहून गुपचूप ती फळी सारखी करी. हेही म्हाताऱ्याला कळत होतं.

एका सकाळी कनांग धुणं घेऊन आली आणि त्याची लुंगी त्याच्यापुढे धरली. "हे काय?"

"लोखंडी लाकडाचा चीक."

"सगळा जन्म चीक धुतलाय मी. चीक पाण्यात काळा पडतो. हे लाल राहिलं." ती खाली बसली. "तो लाकडाचा तुकडा तुम्हीच आढ्याला ठेवायला लावलात ना? बायकोनं वाट बघायची म्हणून? मग सांगा तरी, मी कशाची वाट बघतेय?"

तेव्हा त्याने दुखण्याचं सगळं सांगितलं, समुद्रातलं गुपित तेवढं राखलं. ऐकून ती रडली नाही, चिडली. "बेंबी! लाकडाच्या बेंबीसाठी माझं कुंकू पुसायला निघालात?" कुंकू तिकडे नसतं, ती म्हणाली ते तिच्या भाषेत; अर्थ हाच. दुसऱ्या दिवशी इस्पितळात जायचं ठरलं. तो कबूलही झाला. पण सकाळी उठायला गेला तर कमरेखाली पाय नव्हते. होते, पण त्याचे नव्हते.

इंजेक्शनं सुरू झाली. दुखणं उतरलं. पाय उतरलेलेच राहिले. नाव लोटायच्या दिवशी चौघांनी त्याला बाजेवर घालून नावेखाली नेलं. पाठ टेकलेली, सामता हातात. त्याने फिरवायला सुरुवात केली, पण पायांचा रेटा नाही तर हाताला जोर कुठला? राउफने वाकून मामाच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. दोघांनी मिळून बेंबी उघडली आणि तिच्यात खुंटी ठोकली. हाजीने ते पाहिलं आणि स्वतःच दोराला हात घातला. मग शेकडो हातांनी दोर ओढला आणि नाव पाण्यात गेली, कोरडी, एक थेंब न गळता. त्या दिवसापासून राउफ पुंगावा झाला.

आता तोम्पो खिडकीशी पडून असतो. घर खांबांवर उभं, खिडकीतून सगळा किनारा दिसतो. नव्या नावेचा कणा मांडलेला आहे, ठोकाठोक चालू असते. त्याला बरं वाटतं. कधी कधी वाटतं, झालं ते झालं, निदान मान तरी राहिला. मूतखड्याची आणि वजनाने मोडलेल्या पाठीची गोष्ट गावाने मान्य केली आहे.

परवा कनांग केळी सोलून देत होती, आणि बाहेर बघून कौतुकाने म्हणाली, "राउफ खरा पुंगावा झाला हो. तुमच्यासारखाच समुद्राशी बोलायला लागलाय."

तोम्पोने मान वळवली. राउफने वाकस खाली ठेवली होती. लुंगीसकट तो कमरेएवढ्या पाण्यात गेला होता आणि क्षितिजाकडे तोंड करून उभा होता. नवे गडी एकमेकांना ढोसून गप्प करत होते. लाट आली, गेली. दुसरी आली. राउफ उभाच. त्याचे खांदे किंचित वर गेले, आणि उतरले. पुन्हा वर गेले. हे खांदे जगात एकाच माणसाला वाचता येत होते.

"हाक मार त्याला," तोम्पो म्हणाला.

"असू द्या, कामात असेल..."

"हाक मार, कनांग!" मग तिची वाट न बघता त्याने खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरली, अर्धं अंग बाहेर काढलं, आणि उभ्या आयुष्यात जी गोष्ट लपवली ती किनारा दणाणून ओरडला. "राउफ! बाहेर ये! मी समुद्राशी बोलत नव्हतो रे! मी मुतत होतो! मला होत नव्हतं! तुझ्या मामाला होत नव्हतं!"

किनाऱ्यावरच्या सगळ्या वाकसी थांबल्या. माणसं खिडकीकडे बघत राहिली. पाण्यातला राउफ तेवढा वळला नाही.