आत्याचं रजिस्टर आणि माझ्या लिंका

काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होतो. "समीर, सुधा गेली रे," एवढंच ते म्हणाले. आदल्या दिवशीच मी आत्याला व्हॉट्सॲपवर एक लिंक पाठवली होती, खाली 'हे बघ, हे सोपं आहे' असं लिहून. इंदूरला रामबागेत तिच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात ती लिंकच होती, दुसरं काही नाही. आता सव्वा महिना होत आला. माणूस काम करून थकतो, ते समजू शकतो. मी न केलेल्या कामाने थकलोय.

सुधाआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण, काका म्हणजे तिचे यजमान. रोज इंदूरहून बसने जाऊन-येऊन तिने देपालपूरच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवलं आणि कंटाळा आला असं ती म्हणाल्याचं कुणाला आठवत नाही. कंटाळ्याचं खातं आमच्या घराण्यात माझ्याकडे आहे. सातवीत मी सहामाहीला गणितात नापास झालो, तेव्हा बाबांनी मला तिच्या स्वाधीन केलं. ती संध्याकाळी बसमधून उतरून यायची, चहा घ्यायची आणि लगेच जेवणाच्या टेबलाशी बसायची. समोर कधीच नाही, नेहमी माझ्या शेजारी. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाली, "समोर बसलं की मला तुझी वही उलटी दिसते. मग तू कुठे अटकलास ते कसं कळणार?" अपूर्णांक मला त्या टेबलाशी आले. पुढे इंजिनिअर झालो, आज एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, त्याची सुरुवात तिथली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ते ठाऊक असावं, अशी आपली माझी समजूत.

शाळेचं टाइम टेबल दरवर्षी आत्याच करायची. मोठ्या कागदावर, पेन्सिलने, कारण त्यातलं काहीच टिकत नाही असं ती म्हणायची. एखाद्या सरांची इलेक्शन ड्यूटी लागली की अख्खा तक्ता कोसळायचा आणि ही पुन्हा रबर घेऊन बसायची. निवृत्त झाल्यावरही सत्र सुरू होताना शाळेतून फोन यायचा, "मॅडमजी, आप ही बना दीजिए," आणि ती जायची. गेल्या वर्षी मात्र गुडघ्यांनी बसचा प्रवास नाकारला. तेव्हा तिने मला बोलावून घेतलं. तिला प्रोग्रॅम लिहायला शिकायचं होतं. नवं सत्र सुरू व्हायच्या आत टाइम टेबल लावणारा एक प्रोग्रॅम तयार करून शाळेला द्यायचा, म्हणजे तिच्यामागे कुणाला रबर घेऊन बसावं लागणार नाही. "तू पहिले तर हे सांग, शिकू कुठून?" तिने विचारलं.

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. "भिया, शुरुआत कहाँ से करूँ?" म्हणत ऑफिसातली नवी मुलं येतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे एक यादी तयार आहे, व्हिडिओ, पुस्तकं, फुकटचे कोर्स. ती चिकटवायची आणि मोकळं व्हायचं. आत्यालाही मी तीच चिकटवली.

ऑफिसातली मुलं त्या यादीतलं काही उघडत नाहीत, हे मला माहीत आहे. आत्याने सगळं उघडलं. शाळेतून उरलेलं एक लांबडं रजिस्टर काढून तिने त्यात रकाने आखले, नाव, दहापैकी गुण आणि शेरा. 'मुलगा हुशार, पण "हे तर तुम्हाला येतच असेल" असं फार म्हणतो. चार.' 'हिंदी म्हणून उघडलं, निम्मं इंग्रजी निघालं. तीन.' 'पुस्तक चांगलं, दुसऱ्या धड्यानंतर पळत सुटतं. सहा.' सहाच्या वर कुणी गेलं नाही. ती वाचून दाखवायची, मी हसायचो आणि घरी जाऊन आणखी दोन लिंका पाठवायचो.

तिला लिंका नको होत्या. दर शनिवारी तिचा फोन यायचा. "उद्या येऊन राहिला आहेस ना? बस, एक घंटा. पोहे करून ठेवते." मी हो म्हणायचो. रविवारी कधी ऑफिसात नव्या आवृत्तीचं रिलीज असायचं, कधी मुलीचा क्लास, कधी नुसतंच पडून राहावंसं वाटायचं. दिवसभर जे करतो तेच सुटीलाही... असं मी बायकोला म्हणायचो आणि तिलाही ते पटायचं. शेवटचा गेलो तोही दहा मिनिटांसाठी, काकांची औषधं द्यायला. आत्याने विचारलं, "तू कशावरून शिकला होतास रे?" मी म्हणालो, "असंच, इकडून तिकडून." खरं उत्तर मी दिलं नाही. मी कुठल्याही पुस्तकावरून शिकलो नाही. हॉस्टेलवरचा एक सीनियर दोन आठवडे माझ्या शेजारी बसला होता. ते सांगितलं असतं तर मला तिथेच बसावं लागलं असतं.

दिवसकार्य झाल्यानंतर काकांनी तिच्या लॅपटॉपमधले फोटो काढून मागितले, म्हणून तो उघडला. तिचा प्रोग्रॅम समोरच होता. ज्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका करायची, त्यातच लिहिलेला. मध्यभागी शीर्षक, त्याखाली रेघ, डावीकडे समास. प्रोग्रॅम असा चालत नाही, तो वेगळ्या जागी लिहावा लागतो. हे एकाही व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते सगळ्यांना येतच असेल असं त्यांना वाटतं. मी मजकूर उचलून योग्य जागी टाकला, दोन-चार वाकडी अवतरणचिन्हं सरळ केली. सोमवारचे सगळे तास एकाखाली एक उमटले, कुठलेही सर एका वेळी दोन वर्गांत नाहीत. तिने बरोबर लिहिलं होतं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मी रडलो, आणि काकांना वाटलं फोटो पाहून.

टेबलाशी अजूनही दोन खुर्च्या एकाच बाजूला लावलेल्या आहेत. काका त्या हलवत नाहीत. रजिस्टर तिथेच असतं. मला ती नेहमी मधलीच पानं वाचून दाखवायची, म्हणून पहिलं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. क्रमांक एक, माझ्या सगळ्या लिंकांच्या आधी, शाळेतल्या वळणदार अक्षरात, 'समीर, शेजारी बसून'. गुणांच्या रकान्यात दहापैकी दहा, शाईने. आणि शेरा पेन्सिलने, खोडता यावा म्हणून... 'अजून सुरू व्हायचं आहे.'