हिरव्या घरी जायचं नाही

कमलबाई माझ्याशी बोलत नाहीत. महिन्याच्या मीटिंगला येतात, माझ्यासमोरच बसतात, रजिस्टर टेबलावर आपटतात आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या बाईला देतात. मी टीबीच्या पेशंटवर देखरेख करणारा पर्यवेक्षक, माझं ऑफिस परंड्याला. त्या तालुक्यातल्याच एका वाडीच्या आशा कार्यकर्त्या. नियमानं त्यांनी मला साहेब म्हणायला हवं. दोन वर्षं झाली, म्हटलेलं नाही, आणि मागून घ्यायला मला तोंड नाही.

त्याआधीही आमचं फार गोडीगुलाबीचं होतं असं नाही. बाईंचं वय बावन्न, शिक्षण आठवी, पायात नवऱ्याच्या जुन्या चपला, आणि तोंडाचा पट्टा असा की डॉक्टरसुद्धा वाट बदलून जात. वाडीत कुणाला टीबी निघाला की या बाई रोज सकाळी त्याच्या दारात हजर. पेशंटनं गोळ्या त्यांच्यासमोर गिळायच्या. मग हुकूम सुटायचा, "आ कर. जीभ वर कर." हिंमतराव म्हणून एक बडे बागायतदार होते, त्यांनी एकदा गोळी गालात दाबून ठेवली. बाईंनी पाहुण्यांच्या देखत त्यांच्या तोंडात बोट घालून ती बाहेर काढली आणि पुन्हा गिळायला लावली. हिंमतराव महिनाभर शिव्या देत होते. पण बरे झाले. त्या वाडीत कमलबाईंच्या हाताखालून अकरा पेशंट गेले आणि अकराच्या अकरा बरे झाले.

मला मात्र हा प्रकार गावंढळ वाटायचा. पेशंटचा सन्मान राखला पाहिजे, असं मी ट्रेनिंगमध्ये शिकून आलो होतो. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "सन्मान बरं झाल्यावर करा की. हार म्या आणते."

मग मोबाइलची पद्धत आली. गोळ्यांचं पाकीट असं बनवलेलं की त्यातून गोळी फोडून काढली की तिच्यामागं लपवलेला एक नंबर दिसतो. रजिस्टर केलेल्या मोबाइलवरून त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला की त्या दिवसाचा चौकोन माझ्या स्क्रीनवर हिरवा, नाही आला की लाल. गोळी फोडल्याशिवाय नंबर कळत नाही, म्हणजे कॉल आला तर गोळी पोटात गेली. असा सगळा हिशोब होता. समोर चहा घेऊन खुर्चीत बसल्या बसल्या मला चाळीस गावं दिसू लागली. मी खूश होतो. उन्हातान्हात मोटारसायकल हाणायचं सुटलं, हेही एक कारण होतं, लपवत नाही.

मीटिंगमध्ये मी सगळ्या आशांना सांगितलं, "लाल दिसेल त्याच घरी जायचं. हिरव्या घरी जायचं नाही. वेळ वाया जातो."

कमलबाई उठल्या. "आन त्या फोनला डोळे हायत का? जीभ वर केल्याली दिसती का त्येला?"

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "कमलबाई, तुमचं काम हलकं केलं तर तुम्हालाच मिरच्या झोंबल्या होय?"

त्याच महिन्यात त्यांच्या वाडीतली करिश्मा टीबीची निघाली. तेवीस वर्षांची, मेंढपाळाच्या घरातली सून. नवरा वैजनाथ वर्षातले आठ महिने मेंढरांमागं, कुर्डुवाडी, करमाळ्याच्या पलीकडं. आजारी बायकोला रानोमाळ कशाला हिंडवायचं म्हणून ती घरी राहणार होती. घरी सोबतीला सासू म्हाळसाबाई, कानानं जवळजवळ बहिरी. साऱ्या घरात मोबाइल एकच.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांना समजावलं. मागं वीसेक माणसं खोळंबली होती. वैजनाथचा नंबर टाकून घेतला आणि त्याला म्हणालो, "रोज ह्या चार गोळ्या फोडायच्या. मागं नंबर दिसेल. ह्याच मोबाइलवरून त्याला मिस्ड कॉल द्यायचा. एकही दिवस चुकायचा नाही."

"ह्याच मोबाइलवरनं?" त्यानं विचारलं.

"ह्याच."

त्यानं मान डोलावली आणि पाकिटं धडप्यात गुंडाळून घेतली. करिश्मा खांबाशी तोंडाला पदर लावून उभी होती. तिच्याशी मी एक शब्द बोललो नाही. मोबाइल राहतो कुणाजवळ, हेही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिचे चौकोन हिरवे व्हायला लागले. एक दिवस खंड नाही. जिल्ह्याच्या मीटिंगला धाराशिवला मी तिची रांग पडद्यावर दाखवली. मेंढपाळाचं घर, शिक्षण नाही, तरी शंभर टक्के. टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी नाव विचारलं तेव्हा मी माझंच सांगितलं.

सत्तावन्नाव्या दिवशी कमलबाई दळण घेऊन गिरणीत गेल्या. तिथं करिश्मानं पिठाचा डबा उचलायला हात वर केला आणि मनगटातल्या बांगड्या सरकत थेट कोपराला गेल्या. बाई दळण तिथंच टाकून तिच्यामागं घरी गेल्या. हिरव्या घरी. पाकीट दाखव म्हणाल्या तर पोरगी म्हणाली, "त्येंच्याकडं हाय. ते आले की औषध सुरू हुनार की." कमलबाईंनी विचारलं, "लघवी लाल व्हती का गं?" ती लाजली आणि म्हणाली, "न्हाय बा."

टीबीच्या गोळ्यांतल्या एका औषधानं लघवी लालसर होते. पहिल्याच दिवशी. आमच्या कामातल्या कुणालाही हे ठाऊक असतं. मलाही होतं.

बाईंनी तिथूनच फोन लावला. "साहेब, करिश्माची लघवी लाल न्हाय. एक बी गोळी पोटात गेली न्हाय पोरीच्या. दुसरं पाकीट द्या, आत्ता."

"कमलबाई, माझ्यासमोर स्क्रीन आहे. सत्तावन्न दिवस हिरवे आहेत. तुम्हाला हिरव्या घरी जायला कुणी सांगितलं?"

"माझ्या डोळ्यांनी सांगितलं."

मी फोन ठेवला आणि त्यांना लेखी खुलासा मागितला. आदेश मोडला म्हणून. खुलासा आला, वहीच्या फाडलेल्या पानावर, एका ओळीचा: पोरीची लघवी लाल नाही. मी तो फाइलला लावला. दवाखान्यात त्या पाकीट मागायला गेल्या तर कॉम्प्युटर म्हणाला हिच्या गोळ्या चालू आहेत, साहेबांच्या सहीशिवाय दुसरं पाकीट मिळणार नाही. सहीसाठी त्या दोनदा परंड्याला आल्या. एकदा मी नव्हतो. दुसऱ्यांदा होतो, आणि त्यांना दीड तास बाहेर बसवून मागच्या दारानं निघून गेलो. त्या तिकडून वैजनाथला फोन लावत होत्या, तो लागत नव्हता. असे नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांचा खुलासा माझ्याकडं अजून कुणी मागितलेला नाही.

दहाव्या दिवशी, अमावास्येला, वैजनाथ घरी आला. त्या वर्षी कळप लांब भीमेच्या काठाला गेला होता, त्यामुळं दोन महिन्यांनी येत होता. कमलबाईंनी त्याला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही, तसाच माझ्या ऑफिसात आणला. खांद्यावर घोंगडी, हातात धडप्याचं गाठोडं. त्यानं ते माझ्या टेबलावर सोडलं. आत गोळ्याच गोळ्या, काहींचा भुगा झालेला. दोनशे चौसष्ट. मी नंतर मोजल्या.

"साहेब, एक बी दिस चुकलो न्हाय," तो अभिमानानं म्हणाला. "रेंज नसायची तर टेकाडावर चढून फोन लावलाय. गोळ्या तिच्यासाठी जपून आनल्यात. आता सगळ्या एकदम देऊ का?"

फोन त्याच्याजवळ. फोन ह्याच मोबाइलवरून आणि गोळी फोडूनच करायचा. मग गोळ्याही त्याच्याजवळच नकोत? मी सांगितलं होतं त्यातला शब्दन् शब्द त्यानं पाळला होता. गिळायच्या कुणी आणि कधी, हे मी सांगितलंच नव्हतं. करिश्मानं विचारायचं कुणाला? जी बाई रोज दारात आली असती, तिला मीच बंदी घातली होती.

माझ्या तोंडून काही निघायच्या आत कमलबाईंनी गाठोडं ओढून घेतलं. "ह्या जुन्या झाल्या रं पोरा. साहेब नव्या देत्यात." आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट सही केली.

त्याच दुपारी करिश्माला धाराशिवला हलवलं. औषध सुरू झालं, लघवीही लाल झाली. अकराव्या दिवशी ती गेली.

तेराव्याला मी वाडीत गेलो. जायला नको होतं. पण मला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं, आणि जाऊन आल्यावर बरं वाटेल असं वाटत होतं. बोळाच्या तोंडाशी कमलबाईंनी मला अडवलं.

"त्येला वाटतंय दुखनंच लई जोराचं व्हतं. त्येला कायबी सांगू नका. शिव्या खायच्या असतील तर माझ्याकडनं खावा, म्या पोटभर देते. पन त्येच्यापुढं तोंड मिटून बसा."

मी हो म्हणालो. ओसरीवर वैजनाथ भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून उठला, घोंगडी अंथरली. मग त्यानंच विचारलं, "साहेब, माझा फोन तर रोज लागत व्हता ना?"

एवढंच विचारलं होतं त्यानं. लागत होता, एवढंच सांगायचं होतं. पण मी त्याचे हात धरून म्हणालो, "लागत होता रे. चूक माझी झाली, वैजनाथ. गोळ्या तिच्याजवळ ठेवायच्या, हे मी तुला सांगायला हवं होतं."

हात त्यानं हळूच सोडवून घेतले.

"म्हंजे," तो म्हणाला, "गोळ्या तिच्याजवळ पायजे व्हत्या? आन म्या घिऊन गेलतो?"

आतून म्हाळसाबाई काय झालं, काय झालं, विचारत होत्या. वैजनाथ खाली बसला आणि कपाळ गुडघ्यांवर आपटायला लागला. कमलबाईंनी धावत जाऊन त्याचं डोकं पोटाशी धरलं. त्याचे धक्के त्यांना बसत होते. तशाच त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"साहेब, तुमचं मन हलकं झालं. आता जावा."

त्यानंतर कमलबाई माझ्याशी बोललेल्या नाहीत.