सुरीच्या आधी

ऑपरेशन थिएटरच्या दारातल्या काचेतून मला दिसलं, की सर्जननी सुरी उचलली आणि भूलतज्ज्ञ बाईंनी तळहात दाखवून त्यांना थांबवलं. टेबलावर माझी आई होती. पित्ताशयात खडे आणि हृदय नाजूक.

आदल्या दिवशी मी बाईंना विचारलं होतं, "झोपेत तिला काही कळणार नाही ना?"

"त्यांना नाही, पण शरीराला कळतं. सुरी लागली की नाडी पळते, बीपी चढतं. ते त्यांच्या हृदयाला झेपायचं नाही. म्हणून आधी फेंटानिल देते. अफूच्या जातीचं औषध आहे."

"अफू?"

आई कॉटवरून हसली. "डॉक्टर, हिच्या प्रत्येक पत्रकात अफू असते. जनतेला पाजलेली."

असतेच. मी मोर्चे काढते, पत्रकं वाटते; माणसं गुंगीत राहतात याचाच तर मला संताप येतो. आणि इथे गाढ झोपवलेलं शरीरसुद्धा सुरीविरुद्ध उठतं म्हणे. मला ते शरीर फार आवडलं. पण त्याच्या त्या उठण्यानेच आई जाऊ शकत होती.

काचेपलीकडे बाईंनी औषध भिनू दिलं, मॉनिटरच्या पडद्यावरची हृदयाची रेघ पाहिली आणि मान हलवली. सुरी टेकली. रेघ होती तशीच चालत राहिली. कुणीतरी गप्प राहावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच हात जोडून उभी होते.

शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, "माझ्या हृदयानं घोषणा दिल्या का गं?"

"एकही नाही."

"बघ. म्हणजे तुझ्यावर नाही गेलं."